दाद मागणे, दाद देणे

मराठीत एक शब्द असा आहे, जो न्यायालयाच्या पायरीवरही उभा राहतो आणि गाण्याच्या बैठकीतही मांडी घालून बसतो. तो शब्द म्हणजे 'दाद'. आपण सरकारदरबारी दाद मागतो आणि गायकाच्या तानेला दाद देतो. एखादा अधिकारी आपल्याला 'दाद लागू देत नाही', आणि कुठेच काही चालेनासे झाले की आपण 'दाद ना फिर्याद' म्हणून कपाळाला हात लावतो. मूळ फारसी 'दाद' म्हणजे न्याय. गाणे ऐकून दाद देणे याचा अर्थ त्या गाण्याला जे न्याय्य आहे ते देणे. 'फिर्याद' हाही फारसीच शब्द. आज तो आमच्या वकिली कागदांत शिक्क्याखाली दबून गेला आहे, पण त्याचा पहिला अर्थ आहे हाक, आक्रोश. म्हणजे आपल्या भाषेने न्याय आणि गाणे ही दोन खाती कधी फार वेगळी ठेवलीच नव्हती. ती वेगळी केली आम्ही शिकलेल्या माणसांनी.

हे मला कळायला पन्नाशी उजाडावी लागली. सीमाभागात जन्मलो, इथेच कायद्याची पदवी घेतली आणि तीसएक वर्षे काळा कोट घालून तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयांत उभा राहत आलो. सीमाप्रश्नाच्या चळवळीशी संबंध त्याहूनही जुना, म्हणजे वडिलांचे बोट धरून सभेला जाण्याच्या वयापासूनचा. 17 जानेवारी 1956 रोजी बेळगावात संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडले. त्या स्मृतीचा हुतात्मा दिन आमच्या घरी दिवाळी-दसऱ्याइतका ठरलेला असे, फक्त त्या दिवशी गोडधोड होत नसे.

लहानपणच्या त्या सभांतले एक दृश्य मनातून जात नाही. सभा संध्याकाळी असली की दुपारपासूनच एक हलगीवाला गावभर फिरे. चौकाचौकात थांबून पाचटाचा लहानसा जाळ करी, हलगी शेकून घेई, बोटाने कातड्याचा ताण पाही आणि मग एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन असा कडकडाट उठवी की घराघरांतून माणसे उंबऱ्यावर येत. सभा भरली की व्यासपीठावर वक्ते बसत, शाहीर उभा राही, समोर सतरंजीवर आम्ही. आणि ज्याने ती सगळी माणसे गोळा केलेली असत तो हलगीवाला व्यासपीठाच्या कडेला, खाली, जोड्यांच्या राशीजवळ उकिडवा बसलेला असे. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. एकदा त्याने मला विचारले, "माझा बा वर का बसत न्हाई?" मी वडिलांना विचारले. वडील सज्जन होते, चळवळीत लाठ्या खाल्लेले होते. ते म्हणाले, "त्याचं काम झालं ना, म्हणून." त्या उत्तराने माझे तेव्हा समाधान झाले होते. आज होत नाही.



कला आणि सामाजिक न्याय यांची सांगड हा महाराष्ट्राला बाहेरून शिकावा लागलेला धडा नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि 1869 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. अज्ञानामुळे शेतकरी कसा नाडला जातो, हे ज्याला वाचता येत नाही त्याला कसे सांगावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. नाटक आणि पवाडा ही त्याची उत्तरे होती. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्या विचाराचे जलसे गावोगाव फिरू लागले. त्यानंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा उभा केला. सीमाभागाला या इतिहासात पाहुणा समजण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीतील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद 1925 मध्ये निपाणीतच भरली होती.

या कलावंतांनी तमाशाचाच साचा घेतला, पण आतला ऐवज बदलला. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन. अण्णा भाऊ साठे यांनी आपल्या लोकनाट्यात गणातले दैवत बदलून तिथे मातृभूमी आणि कष्टकरी माणूस आणला. गवळणीला रजा दिली. प्रेक्षकाला घर ओळखीचे वाटले पाहिजे, पण देव्हाऱ्यात कोण बसले आहे हे पाहून त्याने चमकले पाहिजे, असा तो प्रकार होता. 1944 मध्ये अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदाने भरवली.

'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णा भाऊंची छक्कड आपण सीमाभागातली माणसे हळवे होऊन ऐकतो. ती वरवर पाहता पोटासाठी मुंबईला गेलेल्या मजुराच्या विरहाची रचना आहे. शेवटी मात्र त्या ताटातुटीचा धागा महाराष्ट्रापासून तोडलेल्या मुलखाशी जोडला जातो. भाषावार प्रांतरचनेवरचे अहवाल मी व्यवसायाचा भाग म्हणून वाचले आहेत. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याची कलमे मला तोंडपाठ आहेत, 1967 चा महाजन अहवाल मी मुळातून वाचला आहे, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला मूळ दावा घटनेच्या कलम 131 खाली कसा उभा आहे हेही मी तासभर समजावून सांगू शकतो. पण 'तोडलेले असणे' म्हणजे काय, हे त्या एका छक्कडीने जेवढ्या लोकांना सांगितले तेवढ्यांना आम्ही सगळे वकील मिळूनही सांगू शकलो नाही.

आणि ज्याने ते सांगितले, तो वाटेगावच्या मातंग वस्तीत जन्मलेला, शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला माणूस होता. 1969 मध्ये तो गेला तेव्हा त्याची परिस्थिती काय होती, हे सर्वांना ठाऊक आहे. आपण त्याला दाद दिली. त्याची दाद घेतली का, हा प्रश्न उरतोच.



आता माझ्या अनुभवाकडे येतो. काही वर्षांपूर्वी सीमेवरच्या एका खेड्यातून चार बाया आणि दोन पुरुष माझ्या कचेरीत आले. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्यांना आजही तिथेच राहायचे आहे. त्यांच्या वस्तीच्या दफनभूमीकडे जाणारी वाट एका शेतमालकाने बंद केली होती. आधी बांध कोरला, मग ऊस लावला, शेवटी काटेरी तार ओढली. पावसाळ्यात कुणी गेले की तिरडी ओढ्यातून, गुडघाभर चिखलातून न्यावी लागे. एकदा खांदेकरी घसरले आणि प्रेत पाण्यात पडले. हे सांगताना सगळ्यांत वयस्कर बाईने डोळे पुसले नाहीत. ती माझ्याकडे रोखून पाहत राहिली. तिला सगळे आक्का म्हणत. तिच्या खांद्याला चौंडकं होते. यल्लम्माची गाणी म्हणत ती सौंदत्तीच्या वाटेवर आयुष्यभर चालली होती.

त्यांनी अर्ज केला होता. तो फेटाळल्याचे पत्रही त्यांना मिळाले होते. पत्र कन्नडमध्ये होते. घरात मराठी बोलणाऱ्या त्या माणसांनी ते 'अर्ज पोचला' याची पावती समजून देवाच्या फोटोमागे जपून ठेवले होते. ते माझ्या हातात आले तेव्हा अपिलाची मुदत उलटून गेली होती.

वाचकांपैकी अनेकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के वा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे संरक्षण कागदोपत्री मान्य झालेले आहे. घटनेच्या 350 (अ) कलमात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद आहे, 350 (ब) कलमान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी आहे. पण देवाच्या फोटोमागे ठेवलेल्या त्या पत्रापर्यंत यातले काहीच पोचले नव्हते. भाषेचा प्रश्न हा पाट्यांचा आणि अस्मितेचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांना मी नेहमी ते पत्र आठवून सांगतो की तो कधीकधी प्रेताला वाट मिळण्याचाही प्रश्न असतो.

मी विलंब माफीचा अर्ज तयार केला. त्याचबरोबर वहिवाट सिद्ध करायला साक्षीदार हवे होते. वस्तीतले लोक साक्ष देणारच, पण ते पडले हितसंबंधी. गावातला तटस्थ माणूस हवा होता, आणि गावात कुणी तोंड उघडायला तयार नव्हते. मी चार खेटे घातले. चहा मिळाला, साक्षीदार मिळाला नाही.

त्या दिवशी परतताना आक्का म्हणाली, "तुमी कागदावर लिवा वकीलसाहेब. आमी गाण्यात घालतो." मी हसलो असेन. मनात म्हटले, गाण्याने कुठे वाट मोकळी होते?



गाणे तिनेच बांधले. शब्द मी इथे देणार नाही, ते तिचे आहेत. पण त्याची रचना सांगतो. त्यात बोलतो तो मेलेला माणूस. तिरडीवर पडल्या पडल्या तो वाटेतल्या एकेका गोष्टीचे नाव घेतो: हा ऊस, याला पाणी मीच पाजले, हा बांध, याचे दगड मीच रचले, ही तार, हिच्या खुंट्या मीच ठोकल्या. आणि प्रत्येक कडव्याअंती खांदेकऱ्यांना विचारतो की बाबांनो, आता कुठे अडलो? शिवी नाही, मालकाचे नाव नाही, मागणीसुद्धा नाही. तीस वर्षे दावे लिहिणाऱ्या मला ते ऐकताना जाणवले की कष्टाचा आणि हक्काचा संबंध इतक्या थोड्या शब्दांत मी एकाही निवेदनात मांडलेला नव्हता.

वस्तीत काही घरे कन्नड बोलणारी होती. त्यांची माणसेही त्याच ओढ्यातून जात होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने गीगी पदाच्या चालीवर त्याच गाण्याचा कन्नड जोड केला. मग एक कडवे मराठी, एक कानडी, आणि मध्ये तीच हलगी, तेच तुणतुणे. ऐकणाऱ्याला शिवण कुठे आहे ते कळत नव्हते.

शिवण नव्हतीच. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. लावणी हा शब्द कन्नड लोकगायकही आपला म्हणून वापरतो. कलगी-तुऱ्याचे सवालजवाब दोन्ही भाषांत रंगले. डफ आणि तुणतुणे दोन्हीकडे आहेत. हलगी मराठी मुलखात वाजते तशी कानडी मुलखातही वाजते, आणि कन्नडमध्ये 'हलगे' म्हणजे फळीही. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाल्यानंतर, आणि संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला. हा मुलूख मराठी आहे असे आम्ही म्हणतो तेव्हा तो कन्नडद्वेष्टा आहे असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. तो अर्थ आमच्यावर लादला गेला, आणि कबूल करायला हवे, काही वेळा आमच्यातल्याच काहींनी तो अंगावर ओढूनही घेतला.

माझी चूक इथेच घडली. तालमीला मी गेलो. गाणे ऐकून भारावलो आणि चळवळीतला कार्यकर्ता माझ्यात जागा झाला. मी आक्काला म्हटले, "शेवटी एक कडवं सीमाप्रश्नाचं घाला. आपण महाराष्ट्रात असतो तर हे पत्र मराठीत आलं असतं, एवढं तरी यायला पाहिजे. आणि ते कानडी कडवं जरा कमी करा." क्षणभर कुणी बोलले नाही. मग आक्काने चौंडकं मांडीवरून खाली ठेवले.

"पत्र मराठीत आलं असतं, वाट न्हवती आली," ती म्हणाली. "तार लावणारा मराठीच हाय की वो. आनि हे म्हातारं कानडी, ह्येच्या बायकूला मी खांदा दिलाय. माझ्या गान्यातनं ह्येला उठवू व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. 1986 मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या श्रद्धेत बसत नाही म्हणून राष्ट्रगीत न गाता केवळ आदराने उभी राहणाऱ्या केरळमधील तीन मुलांचा हक्क मान्य केला. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचेही स्वातंत्र्य येते, हे त्या निकालाचे सार मी नवोदित वकिलांना शिकवीत असे. आपल्याला नको असलेले कडवे न गाण्याचा हक्क एका निरक्षर बाईला आहे, हे मात्र मला तिने शिकवावे लागले. आणि तेही त्याच 1986 सालच्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात शाळकरी वयात घोषणा दिलेल्या मला! सक्तीविरुद्ध लढणारा मी, नकळत एक छोटी सक्तीच करीत होतो.



बाजारच्या दिवशी, सायंकाळी पाचच्या सुमारास, त्यांनी ते गाणे वडाच्या पाराजवळ म्हटले. ध्वनिक्षेपक नव्हता. आधी हलगी शेकली गेली, मग वाजली. पण नेहमीच्या ठेक्यावर नाही, अंत्ययात्रेच्या संथ ठेक्यावर. बाजार थबकला. कुणाची प्रेतयात्रा आली म्हणून माणसे बाजूला झाली, बायकांनी पदर डोक्यावर घेतले, आणि समोर प्रेत नाही, गाणे आहे हे कळेपर्यंत सगळे जागच्या जागी गुंतले होते. एक पोलीस शिपाई परवानगी विचारायला आला. मी पुढे होऊन बोलणार तोच तो स्वतःच शेवटच्या कडव्यापर्यंत उभा राहिला आणि "लवकर आटपा" एवढेच म्हणून निघून गेला.

अशा वेळी वकिलाच्या मनात काय येते ते सांगतो. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याने इंग्रज सरकारला खेळ बंद पाडण्याचा अधिकार दिला होता. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर 1910 मध्ये बंदी आली, कारण पौराणिक कीचकात प्रेक्षकांना कर्झन दिसत होता. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा जिवंत राहिला. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' कथेवरच्या नाट्यप्रयोगावरून लखनौच्या कलावंतांवर खटला झाला, तेव्हा 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पण देशाच्या कायदेसंग्रहातून तो अधिकृतपणे गेला तो 2017 च्या निरसन कायद्याने. अगदी अलीकडे, मार्च 2025 मध्ये, इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द केला आणि शब्दांचा परिणाम जोखताना खंबीर, समंजस माणसाची कसोटी लावावी, सदैव असुरक्षित वाटणाऱ्या माणसाची नव्हे, असे बजावले. सत्तेला निवेदनाचे भय वाटत नाही, गाण्याचे वाटते. कारण निवेदनाला आवक क्रमांक देता येतो. गाण्याला देता येत नाही.

गाण्याने खटला जिंकला असे मी म्हणणार नाही. ते खोटे होईल. पण बाजारानंतर चौथ्या दिवशी शेतमालकाच्या भाऊकीतलेच एक वृद्ध गृहस्थ माझ्या कचेरीत आले. काठी भिंतीला टेकवून ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "लहानपणी माझ्या आज्याच्या गाड्या त्याच वाटेनं जायच्या. जुन्या नकाशात गाडीवाट आहे. मी सांगीन." मी विचारले, आधी का नाही सांगितलेत? ते म्हणाले, "आधी तुम्ही विचारत होता. आता त्या मेलेल्या माणसानं विचारलं."

त्यांची साक्ष झाली. नकाशा निघाला. विलंब माफ झाला, प्रकरण पुन्हा चौकशीला गेले, जागेवर पंचनामा झाला. दोन पावसाळे गेले आणि वाट खुली झाली. ओढ्याजवळचा शेवटचा तुकडा अजून कच्चाच आहे. तिथे आजही चिखल होतो. म्हणजे आक्काचे गाणे अजून संपलेले नाही.

माझ्या लेखी यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कायद्याला पुरावा लागतो आणि पुराव्याला माणसाचे धैर्य लागते. ते धैर्य समन्स काढून मिळत नाही. गाणे न्यायनिवाडा करीत नाही, पण ज्याच्यापाशी सत्य आहे त्याच्या दाराशी जाऊन ते बसते आणि उठत नाही.



चळवळीतल्या मित्रांना याच संदर्भात एक कडू आठवण करून द्यावीशी वाटते. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे या बाजूचे चिन्ह होते फूल, संघप्रदेश राहावा या बाजूचे दोन पाने. 34,021 मतांच्या फरकाने फूल हरले. त्या पराभवाची राजकीय कारणे पुष्कळ आहेत. पण गोव्यातले जाणते लोक आजही सांगतात की उल्हास बुयांव यांचा आवाज आणि मनोहरराय सरदेसाई यांच्यासारख्यांचे कोकणी शब्द गावोगाव पोचले होते. ज्या भाषेला आपण बोली म्हणून हिणवले, तिनेच आपल्याला गाण्यात उत्तर दिले. तेव्हा आपली बाजू खरी की त्यांची, हा वाद मी आज उकरत नाही. एवढेच म्हणतो की गाणे हे कुणाच्या मालकीचे हत्यार नाही. ज्याच्या घरातले दुःख त्यात खरे उतरते, त्याच्या बाजूने ते उभे राहते. आपल्या सभांत आज तरुण का येत नाहीत, असा प्रश्न आपण दर हुतात्मा दिनी विचारतो. त्यांच्या घरातले दुःख आपल्या गाण्यात आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. विडी कामगार बाईचे, ऊसतोडीला जाणाऱ्या पोराचे, कन्नड येत नाही म्हणून नोकरीच्या रांगेत मागे राहिलेल्या मुलीचे आणि, हो, मराठी मालकाच्या तारेत अडकलेल्या तिरडीचेही दुःख.

बोलून थांबणे हा वकिलाचा धंदा असला तरी इथे काही ठोस सुचवतो. सभेच्या पत्रकावर वक्त्यांची नावे छापतो तशी हलगीवाल्याचे, शाहिराचे, चौंडकेवालीचे नाव छापावे. त्यांना 'चहापाणी' नव्हे, ठरलेले मानधन द्यावे. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करताना विचारावे. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव जोडले जाण्याचा हक्क कलावंताला प्रताधिकार कायद्यानेच दिला आहे, ते उपकार नव्हेत. शेजारच्या कन्नड कलावंताला बोलवावे. मराठीसाठी मागितलेला न्याय त्याच्या उपस्थितीने उणा होत नाही, उलट त्याला साक्षीदार मिळतो. आणि कलावंताला गाणे सुचवावे, पण लादू नये.

गेल्या हुतात्मा दिनी आमच्या गावच्या सभेत मी एक खुर्ची जास्त मांडायला सांगितली. माझ्या वर्गातला तो मुलगा आता साठीकडे झुकला आहे. बापाची हलगी त्यानेच चालवली. मी त्याला वर येऊन बसण्याची विनंती केली. तो आला, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बाला सांगायचं राहिलं." एवढेच. मग खाली उतरून त्याने हलगी शेकायला घेतली, कारण हवेत गारठा होता आणि कातडे सैल पडले होते.

खुर्ची सभा संपेपर्यंत रिकामी राहिली. ती रिकामी ठेवण्याचे पन्नास वर्षांचे ओझे आमच्यावर आहे, त्याच्यावर नाही. पुढच्या 17 जानेवारीला ती पुन्हा मांडली जाईल, आणि ती भरेपर्यंत दर वर्षी मांडली जावी, एवढी दाद मी माझ्याच माणसांकडे मागतो आहे.